पानाचा पत्ता कोण ठरवतं?

मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये काही अडलं की समोर येणाऱ्या चौकटीत ‘अधिक माहिती’ अशी एक लिंक असायची. तिच्यामागचा पत्ता बारकाईने पाहिला, तर तो कुठल्याच लेखाचा नसायचा. ‘एफडब्ल्यूलिंक’ नावाच्या सेवेचं नाव आणि त्यापुढे नुसता एक क्रमांक, एवढाच तो पत्ता. त्या क्रमांकावर आलेल्या माणसाला कोणत्या पानावर न्यायचं, हे कंपनीच्या सर्व्हरवरच्या यादीत लिहिलेलं असे. सीडीवरून विकलेलं सॉफ्टवेअर परत मागवून त्यातला पत्ता बदलता येत नाही आणि मदतीचं पान तर आज ना उद्या हलणारच, हे ज्यांनी ओळखलं त्यांनी ही सोय केली. पुढे तसंच झालं. कंपनीच्या एमएसडीएन या संकेतस्थळावरचं साहित्य 2016 पासून डॉक्स डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉमवर जायला लागलं आणि 2022 मध्ये तिथून लर्न डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉमवर गेलं. सॉफ्टवेअरमध्ये छापलेला क्रमांक बदलायची गरज पडली नाही. सर्व्हरवरच्या यादीत एक ओळ बदलली की काम भागत होतं.

डॉक्युमेंटेशन प्रकाशित करणाऱ्या यंत्रणेत पत्ते आणि लिंक कशा सांभाळायच्या, या प्रश्नाचा गाभा या एका उदाहरणात आहे. पानाला पत्ता दोन तऱ्हांनी मिळतो. एक तर यंत्रणा तो कशावरून तरी काढते: फाइलच्या नावावरून, फोल्डरवरून, शीर्षकावरून. नाहीतर कुणीतरी तो विचारपूर्वक देतं. काढलेला पत्ता आपोआप मिळतो, म्हणून जवळपास प्रत्येक साधन सुरुवातीला तोच देतं. पण ज्यावरून तो काढला ते बदललं की पत्ताही बदलतो, आणि डॉक्युमेंटेशनमध्ये फाइल, फोल्डर, शीर्षक यांतलं काहीच स्थिर नसतं. ग्रंथालयात पुस्तकाचं कपाट बदलतं, वर्गीकरण बदलतं, पण दाखल नोंदवहीत पहिल्या दिवशी दिलेला दाखल क्रमांक बदलत नाही. वेबवर या दाखल क्रमांकाची सोय मुळातून नव्हती. ती नंतर, तुकड्यातुकड्याने, वेगवेगळ्या लोकांनी बसवली.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1998 मध्ये लिहिलेल्या एका छोट्या टिपणात हे स्पष्ट मांडलं होतं. पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसं ते बदलतात, हा त्यांचा मुद्दा. पत्त्यातून काय काय वगळावं हेही त्यांनी सांगितलं: लेखकाचं नाव, विषय, मजकुराची ‘जुना’ किंवा ‘कच्चा’ अशी स्थिती, फाइलचा प्रकार, सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमच्या खुणा. यातली प्रत्येक गोष्ट पुढे बदलू शकते, म्हणून ती पत्त्यात नको. हे टिपण आजही वाचलं जातं, त्याचा दाखला दिला जातो, आणि तरीही बहुतेक साधनं पहिला पत्ता फाइलच्या नावावरूनच काढतात.

मराठीत लिहिणाऱ्याला हा दोष जास्त जाचतो, म्हणून इथे जरा थांबायला हवं. शीर्षकावरून पत्त्याचा तुकडा काढायचा, ज्याला या धंद्यात ‘स्लग’ म्हणतात, ही पद्धत रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडली. युनिकोडच्या यूटीएफ-8 रूपात देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पत्त्यात ते जसंच्या तसं चालत नसल्याने प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन अक्षरं अशा रूपात लिहावा लागतो. म्हणजे एका ‘म’साठी नऊ जागा. मात्रा, वेलांटी, हलन्त यांचं प्रत्येकी तेवढंच. ‘मराठी’ या शब्दाला पत्त्यात 45 जागा लागतात. ब्राउझरच्या पट्टीत तो नीट दिसतो, पण कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवला की टक्क्यांची लांबलचक माळ उमटते.

वर्डप्रेसमध्ये स्लगचा रकाना 200 अक्षरांचा आहे आणि त्यात पत्ता या टक्केवाल्या रूपातच साठवला जातो. म्हणजे देवनागरीची जेमतेम 22 चिन्हं मावतात. ‘सॉफ्टवेअर स्थापित करण्यापूर्वीची तयारी’ असं शीर्षक दिलं तर पत्ता ‘सॉफ्टवेअर-स्थापित-करण्या’ इथेच तुटतो. नंतर ‘सॉफ्टवेअर स्थापित करण्याची पद्धत’ हे दुसरं पान केलं तर तेही नेमकं त्याच जागी तुटतं, आणि दोन पत्ते सारखे झाले म्हणून यंत्रणा दुसऱ्याच्या शेवटी 2 हा आकडा लावते. आता कोणता पत्ता तयारीचा आणि कोणता पद्धतीचा, हे पत्ता वाचून कुणालाच सांगता येत नाही.

जँगो या पायथनमधल्या वेब साधनाचा प्रश्न याहून खोल आहे. तिथलं स्लग करणारं फंक्शन, वेगळं काही सांगितलं नाही तर, रोमन नसलेलं सगळं गाळून टाकतं, त्यामुळे मराठी शीर्षकाचं उत्तर रिकामं येतं. युनिकोड चालू द्या असं सांगण्याचा पर्याय आहे. तो दिला की ‘मराठी’चं होतं ‘मरठ’ आणि ‘स्थापना’चं ‘सथपन’. कारण पायथनच्या नियमात ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे वर्ण किंवा अंक, आणि युनिकोडने काना, वेलांटी, मात्रा, हलन्त यांना वर्ण न मानता खुणा मानलं आहे. त्या सगळ्या गळतात. ‘मूळ’, ‘माळ’ आणि ‘मेळ’ या तिन्हींचं ‘मळ’ होतं. मात्रेशिवाय आपला शब्द उभाच राहत नाही, ही गोष्ट त्या नियमाच्या हिशेबात आली नाही.

आणखी एक अडचण फक्त बारकाईने पाहणाऱ्यालाच दिसते. ‘दुसऱ्या आवृत्तीतले बदल’ या शीर्षकातलं ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकता येतं: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही रूपं सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी ती वेगळी आहेत, आणि युनिकोडची प्रमाणित रूप देण्याची प्रक्रियाही त्यांना एक करत नाही. एका लेखकाने एका कीबोर्डवरून केलेली लिंक दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवरून दिलेल्या पत्त्याला लागत नाही, आणि दोघेही कितीही वेळ पडद्याकडे पाहत बसले तरी चूक सापडत नाही.

देवनागरी पत्ते असावेतच, ही भावना मला समजते. 2014 मध्ये ‘डॉट भारत’ सुरू झालं तेव्हा कित्येकांना मनापासून आनंद झाला, आणि तो रास्त होता. शीर्षक, मजकूर, शोध हे सगळं मराठीत हवंच. पण डॉक्युमेंटेशनच्या पानाची कायमची ओळख मात्र शीर्षकावरून काढू नये, हाताने दिलेली, छोटी, न बदलणारी असावी, असं माझं ठाम मत आहे. शुद्धलेखन सुधारलं म्हणून शेकडो ठिकाणच्या लिंक तुटाव्यात, हे कुणालाच परवडणारं नाही.

पानाच्या आतल्या मथळ्यांचे पत्ते, ज्यांना अँकर म्हणतात, तिथे हाच दोष लपून राहतो आणि म्हणून जास्त नुकसान करतो. स्फिंक्स हे साधन 2008 मध्ये गेऑर्ग ब्रांडल यांनी पायथनच्या डॉक्युमेंटेशनसाठी आणलं आणि आज असंख्य प्रकल्प ते वापरतात. त्याच्या तळाशी असलेलं डॉक्युटिल्स मथळ्यावरून अँकर काढताना रोमन नसलेली अक्षरं सोडून देतं. पूर्ण देवनागरी मथळ्यातून काहीच उरत नाही, म्हणून ते क्रमाने आकडे देतं: आयडी 1, आयडी 2, आयडी 3. समजा ‘अडचणी आणि उपाय’ हा मथळा चौथा होता आणि कुणीतरी त्याला बाहेरून लिंक दिली. पुढच्या आवृत्तीत तुम्ही वर ‘परवाना’ नावाचा एक मथळा घातला. ‘अडचणी’ पाचवा झाला, पण जुनी लिंक अजूनही चौथ्यावरच जाते. कुठलाही इशारा येत नाही, 404 दिसत नाही. वाचक चुकीच्या परिच्छेदावर उतरतो आणि आपल्यालाच कळलं नाही असं समजून निघून जातो. तुटलेली लिंक निदान सांगते तरी की मी तुटले.

उपाय त्याच साधनात आहे. मथळ्याच्या वर रोमन अक्षरांत एक लेबल लिहायचं. मग अँकर त्या लेबलावरून होतो, मथळा कितीही बदला. डॉक्युसॉरस या फेसबुकने सुरू केलेल्या साधनात मथळ्याच्या पुढेच महिरपी कंसात अँकर लिहिता येतो, आणि सगळ्या फाइलींत असे अँकर एकदम लिहून देणारी आज्ञाही त्यात आहे. भाषांतरासाठी हे फार मोलाचं. इंग्रजी पानातला आणि मराठी पानातला अँकर एकच राहिला, तर वाचक भाषा बदलून नेमका त्याच मथळ्यावर उतरतो.

हाताने दिलेल्या अँकरचं महत्त्व आणखी एका कारणाने वाढतं. पत्त्यातला # नंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, तो स्वतःकडे ठेवतो. त्यामुळे एखादा विभाग उचलून दुसऱ्या पानावर नेला, तर सर्व्हर त्या अँकरपुरतं वाचकाला नवीन पानावर पाठवू शकत नाही. जुन्या पानावर तेवढ्यासाठी जावास्क्रिप्टचा तुकडा ठेवावा लागतो, किंवा जुन्या जागी ‘हा भाग आता अमुक पानावर आहे’ अशी एक ओळ. मी नेहमी ओळ ठेवायच्या बाजूने असतो. ती छापील प्रतीतही टिकते.

अख्खं पान हललं तर मात्र सर्व्हर मदत करू शकतो. 301 आणि 308 म्हणजे कायमचं स्थलांतर, 302 आणि 307 म्हणजे तात्पुरतं, 404 म्हणजे सापडलं नाही, 410 म्हणजे मुद्दाम काढून टाकलं. हे आकडे माहीत नसलेला वेब लेखक विरळा, पण 410 वापरणारे फार थोडे, आणि तो वापरायला हवा. बंद केलेल्या सुविधेचं पान गेलं असेल तर तसं सांगावं. याच्या नेमकी उलट वाईट सवय म्हणजे न सापडलेला प्रत्येक पत्ता मुखपृष्ठावर पाठवणं. वाचकाला वाटतं आपण पोचलो, यंत्राला वाटतं लिंक ठीक आहे, आणि मजकूर कुठे गेला हे कुणालाच कळत नाही.

रीडायरेक्टच्या, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवण्याच्या, यादीकडे मजकुराचाच भाग म्हणून पाहायचं, हा गेल्या दहा-पंधरा वर्षांतला सगळ्यात चांगला बदल. मोझिलाच्या एमडीएन या वेब-डॉक्युमेंटेशनच्या संकेतस्थळाने डिसेंबर 2020 मध्ये आपलं विकी आणि त्यामागचा डेटाबेस सोडून सगळा मजकूर गिटहबवर आणला. तिथे प्रत्येक भाषेच्या फोल्डरमध्ये रीडायरेक्टची एक साधी मजकूर फाइल असते: ओळीत आधी जुना पत्ता, मग नवा. मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येही अशी फाइल मजकुराच्याच रिपॉझिटरीत राहते. लेखकाने पान हलवलं की त्याच बदलात ती ओळही येते, आणि तपासणारा दोन्ही एकत्र पाहतो. पूर्वी हे काम सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या खात्यात पडायचं आणि लेखकाला त्याचा पत्ताही नसायचा.

आवृत्तीचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे, कारण तिथे पत्ता टिकूनही अर्थ हरवू शकतो. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात विचारी उत्तर पायथनच्या लोकांनी दिलं. 2012 साली त्यांच्या डॉक्युमेंटेशनच्या मुख्य पत्त्यावर पायथन 2 ची माहिती होती, आणि आतल्या पानांच्या पत्त्यांत आवृत्तीचा उल्लेख नसला तर तेही पायथन 2 चेच असत. आता नव्या माणसाला पायथन 3 दाखवायचं होतं. सगळे पत्ते सरळ 3 कडे वळवणं सोपं होतं. निक कॉगलन यांनी मांडलेल्या पेप 430 या प्रस्तावाने तसं केलं नाही. मुखपृष्ठ 3 कडे गेलं, दोन्ही आवृत्त्यांना 2 आणि 3 असा स्पष्ट आकडा असलेले पत्ते मिळाले, आणि आतल्या पानांचे जुने, आकडा नसलेले पत्ते 2 कडेच राहिले. 2009 मधल्या एखाद्या पुस्तकात लेखकाने ज्या पानाचा पत्ता दिला होता त्याला पायथन 2 च अभिप्रेत होतं, आणि वाचकाला तेच मिळायला हवं, हा त्यामागचा विचार. पायथन 2 ची देखभाल 1 जानेवारी 2020 ला संपेपर्यंत कितीतरी जुना कोड त्या पानांच्या आधाराने चालू राहिला. 2017 च्या पेप 545 ने भाषांतरांसाठी आवृत्तीच्या आधी भाषेचं चिन्ह ठेवायचं ठरवलं.

रीड द डॉक्स या 2010 पासूनच्या सेवेत भाषा आणि आवृत्ती सहसा पत्त्यातच येतात. आवृत्तीच्या जागी ‘लेटेस्ट’ किंवा ‘स्टेबल’ लिहिता येतं. बर्नर्स-ली यांनी स्थितीदर्शक शब्द पत्त्यात नकोत म्हटलं होतं, इथे तर तेच मध्यभागी. तरी मला ही सोय योग्य वाटते, कारण हा शब्द हलणारी खूण म्हणूनच दिलेला आहे आणि शेजारी आकड्याचा स्थिर पत्ताही आहे. ‘आत्ताचं काय’ हवं असेल त्याने स्टेबलला लिंक द्यावी, ‘तेव्हाचं काय’ हवं असेल त्याने आकड्याला. गोंधळ होतो तो शोधयंत्रांत, जिथे पाच वर्षांपूर्वीची आवृत्ती वर येते. त्यासाठी 2009 पासून ‘कॅनॉनिकल’ ही खूण आहे: एकसारख्या पानांपैकी मुख्य कोणतं, हे पानाच्याच डोक्यात लिहायचं. रीड द डॉक्सनेच 2016 मध्ये सुरक्षेच्या कारणाने वापरकर्त्यांची सगळी डॉक्स डॉट ऑर्गवरून डॉट आयओवर हलवली आणि जुन्या पत्त्यांवरून रीडायरेक्ट ठेवले.

प्रकल्पाच्या आतल्या लिंकबाबत फार लिहायला नको, कारण तो प्रश्न बऱ्यापैकी सुटला आहे. स्फिंक्समध्ये लेखक पत्ता लिहीतच नाही, लेबल लिहितो, आणि पत्ता यंत्रणा शोधते. डिटा या एक्सएमएल पद्धतीत 2010 च्या 1.2 आवृत्तीपासून ‘की’ आहे: मजकुरात नाव, आणि ते नाव म्हणजे कोणती फाइल हे नकाशात. एकाच मजकुरातून दोन उत्पादनांची पुस्तकं काढायची असतील तर नुसता नकाशा बदलतो. स्फिंक्स प्रत्येक प्रकल्पाच्या लेबलांची यादी एका फाइलमध्ये प्रकाशित करतं, म्हणजे दुसरा प्रकल्पही पत्ता माहीत नसताना नावाने लिंक देऊ शकतो. डॉक्युसॉरस तर आतली लिंक तुटली असेल तर साइट बांधायलाच नकार देतं. ही सक्ती सुरुवातीला जाचक वाटते, पण ती बंद करण्याचा मोह टाळावा.

बाहेरच्या लिंक मात्र आपल्या हातात नसतात. प्यू रिसर्च सेंटरने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 2013 साली असलेल्या पानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी मिळत नव्हती, आणि विकिपीडियाच्या 54 टक्के पानांच्या संदर्भांत निदान एक तरी मेलेली लिंक होती. हार्वर्डच्या अभ्यासकांना 2014 च्या सुमारास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत दिलेल्या पत्त्यांपैकी निम्म्यांवर मूळ मजकूर सापडला नव्हता. यातले सगळे पत्ते मेलेले नव्हते. काही उघडत होते, पण तिथला मजकूर बदलला होता. लिंक तपासणारी साधनं पहिला प्रकार पकडतात, दुसरा नाही. म्हणून महत्त्वाचा संदर्भ देतानाच त्या पानाची प्रत इंटरनेट आर्काइव्हमध्ये जतन करून तिचाही पत्ता सोबत द्यावा. विकिपीडियावर हे काम बॉट करतो, आणि 2018 पर्यंत तिथल्या 90 लाखांहून अधिक मेलेल्या लिंक अशा प्रतींनी सावरल्या गेल्या होत्या.

उरतो प्रश्न यादी सांभाळणाऱ्याचा. दिलेला पत्ता टिकतो, पण तो देणारी संस्था सांभाळेल तोवरच. संशोधनपर लेखांना डीओआय क्रमांक मिळतो, आणि लेख हलला की नोंद बदलणं हे प्रकाशकावरचं बंधन असतं. विद्यापीठांचे प्रबंध ठेवणाऱ्या शोधगंगेवर प्रत्येक प्रबंधाला हँडल क्रमांक असतो, त्यामुळे पुण्यात किंवा मुंबईत सादर झालेल्या मराठी प्रबंधाचा दाखला निःशंकपणे देता येतो. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाच्या शेवटी तो संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचं सांगून एक लांबलचक संकेतांक दिलेला असतो, तो हाच प्रकार. पीडीएफ कुठल्याही सर्व्हरवर जावो, संकेतांक कागदावर छापलेलाच राहतो आणि शोधाच्या चौकटीत टाकता येतो. आपल्याकडच्या प्रत्येक शासकीय पुस्तिकेला आणि सूचनापत्रकाला असा क्रमांक असायला हवा.

संस्थेने हात काढला की काय होतं, हे गुगलच्या लिंक छोट्या करणाऱ्या सेवेने दाखवलं. 2009 मध्ये सुरू झालेली ती सेवा 2019 पर्यंत नव्या लिंकसाठी बंद झाली, आणि जुन्या लिंकही ऑगस्ट 2025 मध्ये थांबतील असं 2024 मध्ये जाहीर झालं. अगदी शेवटच्या टप्प्यात वापरात असलेल्या लिंक चालू ठेवायचं ठरलं. पण तोपर्यंत कितीतरी छापील पुस्तकांतल्या संदर्भांवर टांगती तलवार होती. याउलट ग्रंथालयांच्या ओसीएलसी या संस्थेने 1995 मध्ये सुरू केलेली पर्ल ही कायमच्या पत्त्यांची सेवा 2016 मध्ये इंटरनेट आर्काइव्हकडे सोपवली, आणि ती पुढे चालत राहिली.

आपल्याकडे संस्थांची, विद्यापीठांची, कार्यालयांची संकेतस्थळं दर काही वर्षांनी नव्या कंत्राटदाराकडे जातात. निविदेत रंगसंगती असते, मोबाइलवर कसं दिसावं हे असतं. जुन्या सगळ्या पत्त्यांची यादी ताब्यात देणं आणि त्यातला प्रत्येक पत्ता नव्या पानाला जोडून देणं, ही अटही त्यात लिहिलेली असावी, आणि ते काम तपासून झाल्याशिवाय शेवटचं बिल मंजूर होऊ नये.